एक नॉक्टर्न, सहा पियानोवादक: तुलनात्मक श्रवणाची पद्धत

एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकून त्यावर तासभर बोलू शकणारे रसिक कोल्हापुरात आजही आहेत. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचे हे गाव. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर एका घराण्याच्या असूनही किती वेगळ्या, हा विषय निघाला की घरातली ज्येष्ठ मंडळी अजूनही सरसावून बसतात. मात्र याच जाणकारांना शोपँ या पोलिश संगीतकाराची एखादी पियानोरचना दोन पियानोवादकांकडून ऐकवली, तर ‘दोघांनीही छान वाजवले आहे’ यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. कान कमी पडतो असे मुळीच नाही. ख्यालात गायक बंदिशीभोवती विस्तार करतो, त्यामुळे फरक आपोआप समोर येतो. पियानोवर दोघेही तेच लिहिलेले स्वर त्याच क्रमाने वाजवत असतात, आणि मग फरक शोधायचा कुठे, हेच ठरलेले नसते. तो शोधण्याची एक पद्धत मी या लेखात मांडतो. ती मी घरच्या छोट्या श्रवण-बैठकांमध्ये वापरत आलो आहे.

रचना कोणती घ्यावी

सुरुवातीला लांबलचक सोनाटा घेऊ नये. पाच-सहा मिनिटांची, मोजकी सूत्रे असलेली आणि एकच धून पुन्हा पुन्हा येणारी रचना घ्यावी. फ्रेडेरिक शोपँ (१८१०–१८४९) याचे डी फ्लॅट मेजरमधील नॉक्टर्न (रात्रीचे वातावरण उभे करणारी छोटी, गेय रचना), ओपस म्हणजे प्रकाशन-क्रमांक २७, त्यातले क्रमांक २, मला यासाठी सर्वांत योग्य वाटते. ते १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि पॅरिसमधील ऑस्ट्रियन राजदूताची पत्नी काउंटेस द’अपोनी हिला अर्पण केलेले आहे.

आपल्या कानासाठी त्याची ओळख अशी करून देता येईल. डी फ्लॅट म्हणजे काळी एक. काळी एकचा षड्ज धरला की मुख्य सप्तक सारे शुद्ध स्वरांचे, बिलावलाचे आहे. पहिल्या बारमध्ये (बार म्हणजे नोटेशनमध्ये दोन उभ्या रेघांत बसणारे मात्रांचे एक आवर्तन) फक्त डावा हात वाजतो, तोही षड्ज, गंधार आणि पंचम या तीनच स्वरांवर. दुसऱ्या बारला उजव्या हाताची धून शुद्ध गंधारावर, म्हणजे पांढरी चारवर, अवतरते. दहाव्या बारपासून दुसरे सूत्र येते. त्यात उजव्या हातात एका वेळी दोन स्वर असतात आणि रंग बदलून काळी पाचच्या मायनरकडे, म्हणजे कोमल गंधाराच्या सप्तकाकडे, झुकतो. ही दोन सूत्रे आलटून पालटून येतात. पहिली धून एकंदर तीनदा येते आणि प्रत्येक फेरीत तिच्यावरची लहान स्वरांची नक्षी वाढत जाते. शेवटी एक निरोपाचा भाग आहे. बार सहा मात्रांचा आहे, पण दादऱ्याशी त्याचे साम्य आकड्यापुरतेच आहे; ठेक्याचा झोल इथे शोधू नये.

साऱ्या तुलनेचा कणा एकाच प्रश्नावर उभा आहे, आणि तो प्रश्न पहिल्यापासून मनात धरून ठेवावा: तीच धून तिसऱ्यांदा येते तेव्हा या वादकाने तिचे काय केले, आणि त्यासाठी पहिल्या दोन वेळा त्याने काय राखून ठेवले? ‘कोण श्रेष्ठ’ हा प्रश्न कानाला आळशी बनवतो. हा प्रश्न कानाला कामाला लावतो.

पहिली पायरी: नोटेशन समोर ठेवणे

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचता येत नसले तरी ते समोर असावे. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर या रचनेच्या जुन्या आवृत्त्या मोफत मिळतात. एक छापून घ्यावी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा आणि धून जिथे परत येते त्या जागांवर खूण करावी. ती दुसऱ्यांदा सव्विसाव्या बारच्या आणि तिसऱ्यांदा सेहेचाळिसाव्या बारच्या सुमारास येते. डाव्या हाताच्या बारा स्वरांची लाट जवळजवळ अखंड चालते, त्यामुळे बोटाने ओळ धरून ऐकत गेले तर नवख्या माणसालाही आपण कुठे आहोत हे दोन-तीन प्रयत्नांत कळू लागते.

आवृत्त्यांबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. शोपँच्या रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड येथील प्रकाशकांकडून जवळपास एकाच वेळी निघत, आणि या छापील प्रतींमध्ये बारीकसारीक फरक राहत. शिवाय शिकवताना तो शिष्यांच्या प्रतींवर स्वतःच्या हाताने काही बदल लिहून देत असे. म्हणून एखाद्या वादकाने आपल्या समोरच्या कागदापेक्षा वेगळा अलंकार वाजवला, तर लगेच ‘चुकला’ म्हणू नये. त्याच्यासमोरचा कागद वेगळा असू शकतो.

दुसरी पायरी: ध्वनिमुद्रणे निवडणे

दहा-बारा ध्वनिमुद्रणे गोळा करण्याचा मोह टाळावा. सहा पुरेत, आणि तीही एकमेकांपासून दूरची असावीत. माझी निवड पुढीलप्रमाणे आहे.

आर्थर रुबिनस्टाइन याने नॉक्टर्न तीन वेगवेगळ्या काळांत मुद्रित केली: १९३६-३७ मध्ये, १९४९-५० मध्ये आणि अखेर १९६५-६७ मध्ये. शेवटचा संच पाया म्हणून घ्यावा. त्यातला सूर भरीव आणि लय निवांत आहे, आणि वादक कुठेही स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. रुमानियाचा दिनू लिपाती अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, १९५० मध्ये गेला; त्याचे या नॉक्टर्नचे मुद्रण १९४७ चे आहे. क्लाउदिओ अराऊ याचे १९७७-७८ चे मुद्रण संथ आणि जड आहे. त्यातला प्रत्येक अलंकार जणू शब्दासारखा उच्चारलेला आहे. मारिया ज्वाव पिरेश हिचे १९९५-९६ चे मुद्रण नाट्यमय आहे. हलके आणि जोरकस यांतले अंतर तिच्याकडे फार मोठे आहे. मौरित्सिओ पोलिनी याचे २००५ चे मुद्रण स्वच्छ, न रेंगाळणारे आणि रचनेचा सांगाडा दाखवणारे आहे. सहावा मोरित्स रोझेन्थाल. १८६२ साली जन्मलेल्या या वादकाने शोपँचा शिष्य कारोल मिकुली याच्याकडे शिक्षण घेतले होते आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९३० च्या दशकात, ही रचना मुद्रित केली. त्या मुद्रणाची खरखर सोसावी लागते, पण ती सोसावी, कारण आज जवळजवळ लोप पावलेली वादनाची एक रीत तिथे ऐकायला मिळते.

जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांबाबत एक तपासणी आवश्यक आहे. डिजिटल प्रत करताना तबकडी ठरलेल्या वेगापेक्षा जलद फिरवली गेली असेल, तर लय आणि सूर दोन्ही चढतात. अर्धा स्वर चढला म्हणजे वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला. मोबाइलवरील तानपुरा काळी एकला लावून मुद्रणाचा षड्ज त्याच्याशी जुळवून पाहावा. तो लक्षात येण्याइतका वर असेल, तर त्या प्रतीवरून लयीचा निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी: ऐकण्याची व्यवस्था

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे काम होत नाही, कारण डाव्या हाताचे खर्जातले स्वर त्यातून नीट बाहेरच येत नाहीत आणि या रचनेची अर्धी कथा त्या खर्जात आहे. साधे पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातला पाऊस पत्र्यावर कोसळत असतो, तेव्हा हेडफोनवाचून शेवटचे दोन बार ऐकूच येत नाहीत.

सर्व मुद्रणांचा आवाज सारखा करून घ्यावा. जे थोडे मोठ्याने वाजते ते अधिक समृद्ध वाटते, ही कानाची सवय आहे आणि भल्याभल्यांना ती फसवते. पहिल्या धुनीचे पहिले दोन-तीन बार सारख्या आवाजाचे वाटेपर्यंत बटण फिरवावे आणि त्यानंतर त्याला हात लावू नये. ऑडॅसिटी किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर ही मोफत सॉफ्टवेअर वापरता आली तर मुद्रणावर ठिकठिकाणी खुणा करता येतात आणि एकाच जागेचे सहा तुकडे लागोपाठ ऐकता येतात. पुढचे सारे काम या तुकड्यांवरच चालते.

चौथी पायरी: लय मोजणे

कागदावर लेंतो सोस्तेनूतो, म्हणजे संथ आणि धरून ठेवलेली लय, असे लिहिलेले आहे. त्याच्या शेजारी शोपँनेच मेट्रोनोमचा, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचा, आकडाही दिला आहे: तीन मात्रांचा एक ठोका, आणि मिनिटाला असे ५० ठोके. रचना ७७ बारांची आहे. एका बारात दोन ठोके, म्हणजे एकूण १५४. मिनिटाला ५० या हिशेबाने ती तीन मिनिटांच्या थोडी पुढे संपायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक मुद्रणे पाच ते साडेसहा मिनिटांची असतात. सहा मिनिटांच्या वादनात एका बारला सरासरी पावणेपाच सेकंद मिळतात. शोपँच्या आकड्याप्रमाणे जेमतेम अडीच.

हे अंतर पाहून सगळे वादक चुकीचे ठरवण्याची घाई करू नये. शोपँला प्रिय असलेल्या प्लेयेल पियानोचा सूर आजच्या मोठ्या ग्रँड पियानोच्या मानाने लवकर विरत असे; तिथे धून सलग ठेवायची तर पुढे सरकत राहणे भाग होते. आजच्या वाद्यावर गंधार चार सेकंद टिकतो आणि वादकाला थांबण्याची मुभा मिळते. तरीही मला वाटते की त्या आकड्याचे स्मरण प्रत्येक श्रोत्याने ठेवावे. ते ठेवले की पोलिनीचे पुढे सरकणे कोरडेपणाचे वाटत नाही, आणि अराऊचा संथपणा ही त्याने जाणीवपूर्वक पत्करलेली जोखीम आहे हे उमगते.

मोजायचे ते असे. एकूण वेळ लिहावी. मग पहिला स्वर वाजल्यापासून गंधार येईपर्यंतचा वेळ लिहावा. हा वादकाने स्वतःसाठी आखलेला बार आहे. त्यानंतर धुनीच्या तिन्ही फेऱ्यांच्या पहिल्या चार बारांचे सेकंद लिहावेत. हे तीन आकडे शेजारी ठेवले की त्या वादकाचा आराखडा दिसू लागतो: काहींची लय तिन्ही वेळा जवळजवळ तीच राहते, काहींची तिसऱ्या वेळी ताणली जाते, तर काही जण तिसऱ्या फेरीकडे धाव घेतात आणि तिथे पोहोचल्यावर सैल होतात.

पाचवी पायरी: दोन हातांतले नाते

तुलनेत सर्वांत अधिक वेळ इथे द्यावा, आणि खरे तर आपल्याकडच्या श्रोत्याला या पायरीवर फार मोठा फायदा आहे. शोपँ शिष्यांना सांगत असे की डाव्या हाताने लय राखावी आणि उजव्याने मोकळेपणाने गावे. इटालियन गायक-गायिका ऐकण्याचाही त्याचा आग्रह असे. तबलजीने ठेका स्थिर धरला आहे आणि गायक बोल मात्रेच्या किंचित मागे-पुढे टाकत समेवर येतो, हे ज्याने जन्मभर ऐकले आहे, त्याला शोपँला काय अभिप्रेत होते हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र प्रत्येक वादक तसे करत नाही. लय लवचीक करण्याच्या, म्हणजे रुबातोच्या, दोन रीती वेगळ्या ओळखाव्या लागतात. एका रीतीत डावा हात चालत राहतो आणि उजवा त्याच्यावर मागे-पुढे होतो. दुसऱ्या रीतीत दोन्ही हात एकत्र मंदावतात आणि एकत्र वेग घेतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वादकांत दुसरी रीत अधिक दिसते, तर रोझेन्थालच्या पिढीत पहिली सर्रास आढळते.

ओळखण्यासाठी पहिल्या धुनीचे चार बार घ्यावेत. ते तीनदा ऐकावेत. पहिल्यांदा फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्यावे आणि बोटाने हलके ठोके द्यावेत. ठोका अडखळतो का, आणि अडखळला तर कोणत्या जागी, ते लिहावे. दुसऱ्यांदा फक्त उजवा हात ऐकावा. तिसऱ्यांदा एवढेच पाहावे की खर्ज आणि वरचा स्वर नेमके एकत्र पडतात की खर्ज क्षणभर आधी येतो. हा क्षण सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो, पण एकदा कानाला सापडला की सुटत नाही. खर्ज आधी पडला की वरचा स्वर उशिराने, थोडा उसासल्यासारखा उमटतो. ही सवय प्रत्येक बारला असेल तर ती काही वेळाने कंटाळवाणी होते. मोजक्या जागी असेल तर तीच जागा उजळते. रोझेन्थालकडे ती भाषेचा भाग आहे. लिपाती तिच्या मोहात जवळजवळ पडत नाही. त्याची धून एका दमात लांबवर जाते, आणि माझ्या मते पहिल्या फेरीचे इतके निर्मळ वादन दुसरे नाही.

सहावी पायरी: वजन, पेडल आणि दुसरे सूत्र

दहाव्या बारपासून उजव्या हातात दोन आवाज असतात. इथे विचारायचे ते हे की वरचा आवाज पुढे आहे आणि खालचा सावलीसारखा, की दोघे समान आहेत? द्वंद्वगीताप्रमाणे दोन्ही आवाज वेगळे ऐकू येणे ही मोठी कसोटी आहे, आणि पिरेश तिथे विशेष लक्ष देऊन ऐकावी. अराऊकडे खालचा आवाजही बोलतो, त्यामुळे हा भाग अधिक गडद होतो.

पेडलचा, म्हणजे स्वरांचा नाद लांबवणाऱ्या पायपट्टीचा, वापर ओळखण्यासाठी खर्ज बदलण्याच्या जागा ऐकाव्यात. आधीच्या खर्जाचा नाद पुढच्यात मिसळतो का, की वादक पाय उचलून पाटी स्वच्छ करतो? थोडे मिसळणे या संगीताला हवेच असते. धून धूसर होऊ लागली, की ते जास्त झाले असे समजावे. जुन्या मुद्रणांत मायक्रोफोनच्या मर्यादेमुळे पेडलबद्दल खात्रीने बोलता येत नाही, म्हणून रोझेन्थालला या पायरीतून वगळावे.

सातवी पायरी: तिसरी फेरी

आता मूळ प्रश्नाकडे यावे. दुसऱ्या फेरीत धून हलक्या आवाजात परत येते. तिसऱ्या फेरीपूर्वी आवाज वाढत वाढत जातो आणि धून पूर्ण जोराने उभी राहते. त्यानंतर लहान स्वरांची एक लांब तान येते.

तिन्ही फेऱ्यांचे पहिले चार बार कापून एकाच वादकाचे लागोपाठ ऐकावेत, आणि मग दुसऱ्या वादकाकडे जावे. कळस कुठे ठेवला आहे हे शोधावे: धून उभी राहते त्या पहिल्या स्वरावर, की त्यानंतरच्या तानेवर? ज्याने पहिल्याच फेरीत सारा जोर खर्च केला आहे, त्याला तिसऱ्या वेळी नुसता गोंगाट करावा लागतो. पिरेश इथे सर्वांहून जास्त उंची गाठते, कारण दुसऱ्या फेरीत ती फार खाली उतरलेली असते. रुबिनस्टाइन जोर वाढवतो, पण सूर कठोर होऊ देत नाही. पोलिनीचा कळस मला थोडा लवकर मावळल्यासारखा वाटतो, मात्र त्यानंतरचा निरोपाचा भाग त्याच्याकडे विलक्षण तोल राखून येतो.

तानेचा विचार स्वतंत्रपणे करावा. ती नुसत्या वेगाने झटकली आहे, की तिच्यात सुरुवात, चढ आणि उतार आहे? जयपूर घराण्याची पेचदार तान ऐकलेल्या कानाला हे विचारण्याचा अधिकारच आहे. इथे अराऊ मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो, कारण त्याच्या तानेतला एकही स्वर केवळ सजावटीचा वाटत नाही.

शेवटच्या बारांत उजव्या हाताचे जोडस्वर वर चढत जाऊन विरतात. तिथे वादक लय किती मंदावतो आणि आवाज किती खाली नेतो, या दोन्हींची एकेक नोंद पुरे.

आठवी पायरी: नाव झाकून ऐकणे

आतापर्यंतच्या नोंदी वादकांची नावे माहीत असताना केलेल्या आहेत, आणि नावाचा दबाव कानावर पडतोच. म्हणून घरातल्या कुणाला तरी तिसऱ्या फेरीचे सहा तुकडे क्रमांक देऊन, क्रम बदलून लावायला सांगावे आणि पुन्हा नोंदी कराव्यात. दोन नोंदींत मोठी तफावत आली, तर दुसरीवर अधिक विश्वास ठेवावा.

ही खबरदारी किती गरजेची आहे, हे जॉइस हॅटो प्रकरणाने दाखवून दिले. या इंग्लिश पियानोवादिकेच्या नावाने निघालेल्या मुद्रणांची जाणकारांनी भरभरून स्तुती केली होती. २००७ मध्ये ती मुद्रणे इतर वादकांची असल्याचे उघड झाले. शोपँच्या माझुर्कांची (पोलिश नृत्यावर आधारलेल्या पियानोरचनांची) वेगवेगळी मुद्रणे संगणकावर मोजणाऱ्या ब्रिटनमधील संशोधकांना, तिच्या नावावरची एका माझुर्काची लय यूजीन इंजिच याच्या मुद्रणाशी तंतोतंत जुळत असल्याचे आढळले होते. मोजणीला हाताशी धरून ऐकण्याचा हा मोठा उपयोग आहे, आणि सॉनिक व्हिज्युअलायझर घरच्या संगणकावर तीच सोय उपलब्ध करून देतो.

नववी पायरी: लिहिणे

प्रत्येक वादकावर एक परिच्छेद लिहावा आणि त्यात ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’, ‘अप्रतिम’ हे शब्द येऊ देऊ नयेत. त्याऐवजी बारचा क्रमांक, तिथे काय घडले आणि त्याचा पुढच्या भागावर काय परिणाम झाला, एवढे लिहावे. ‘सव्विसाव्या बारला धून आधीपेक्षा हलकी आली आणि खर्ज किंचित आधी पडला, त्यामुळे ती आठवणीतून आल्यासारखी वाटली’ हे वाक्य दुसऱ्याला तपासून पाहता येते. मतभेद झाला तर तो त्या बारपाशी जाऊन सोडवता येतो. तीन-चार जण मिळून हे करत असतील, तर आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे आणि मगच बोलावे, नाहीतर बैठकीतल्या ज्येष्ठाचे मत सगळ्यांचे होऊन बसते.

ही रचना हाताखालून गेली की त्याच ओपसमधले पहिले नॉक्टर्न घ्यावे. त्याचा षड्जही काळी एकच आहे. रचना सी शार्प मायनरमध्ये सुरू होते आणि मेजरमध्ये संपते, म्हणजे जिथून दुसरे नॉक्टर्न सुरू होते त्याच सुरावर विसावते. रुबिनस्टाइन, अराऊ, पिरेश आणि पोलिनी यांच्या संचांत दोन्ही आहेत. ती लागोपाठ लावावीत आणि पहिल्याचा शेवटचा सूर व दुसऱ्याचा पहिला खर्ज यांच्यात प्रत्येकाचा नाद कितपत जुळतो, तेवढे वहीत नोंदवून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.